पी. बी. रोडने ठाण्याकडे

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ ठाण्यापाशी सुरू होऊन पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि बंगळूर अशी गावे घेत चेन्नईपर्यंत जात असे. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा हा रस्ता दिल्ली ते चेन्नई अशा ४८ क्रमांकाच्या महामार्गात सामावला गेला आणि चार हा आकडा थेट अंदमानातल्या रस्त्याला देण्यात आला. ट्रकचालक, ढाबेवाले आणि रस्त्याकाठची माणसे मात्र अजून ‘एनएच फोर’च म्हणतात, बेळगाव-कोल्हापूरकडे तर त्याहूनही जुने, म्हणजे पुणे-बंगळूर रोडचे ‘पी. बी. रोड’ हे नाव दुकानांच्या पाट्यांवर टिकून आहे.

धारवाडला नात्यातले लग्न होते. जाताना मुहूर्त गाठायचा असल्यामुळे द्रुतगती मार्ग, बाह्यवळणे आणि उड्डाणपूल यांच्या भरवशावर आम्ही धावतपळत पोहोचलो. परतीला घाई नव्हती. तेव्हा ह्यांनी असे सुचवले की, जिथे जिथे जुना रस्ता शिल्लक असेल तिथे नवा सोडून द्यायचा, पुलावर न चढता गावात शिरायचे आणि रात्री गाडी चालवायची नाही. माझे सासरे एस.टी.त चालक होते आणि खोपट आगारातून त्यांनी अनेक वर्षे कोल्हापूरकडच्या गाड्या नेल्या होत्या. त्यामुळे ह्या रस्त्यावरचे थांबे, घाट आणि पूल ह्यांनी पाहण्याआधी ऐकलेले होते. निम्मी गाडी मी चालवणार, ही अट मी घातली आणि ती मान्य झाली.

गुरुवार : धारवाड ते कोल्हापूर

लाईन बाजारात पेढे घेऊन निघालो. धारवाडी पेढा आपल्याकडच्या केशरी पेढ्यासारखा मऊ नसतो. खवा खमंग तपकिरी होईपर्यंत परतलेला असतो आणि वरून साखरेत घोळवलेला असतो, त्यामुळे तो प्रवासात टिकतो. कित्तूरला महामार्गापासून जरासे आत जाऊन राणी चन्नम्मांच्या किल्ल्याचे अवशेष पाहिले. १८२४ मध्ये दत्तकाचा वारसा नाकारणाऱ्या कंपनी सरकारशी राणीने लढाई दिली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला. आमच्या वेगात महामार्गावरून जाणाऱ्याला कित्तूर म्हणजे एक हिरवी पाटी असते. आम्हालाही जाताना ती तेवढीच दिसली होती.

बेळगावात शिरण्याचे खरे कारण नव्हते, कारण महामार्ग शहराला बाहेरून वळसा घालतो. पण पी. बी. रोड अनुभवायचा तर तो बेळगावातच, असे माझे मत आहे. शहरातून जाणाऱ्या ह्या जुन्या रस्त्याच्या दुतर्फा अजूनही टायरवाले, बॅटरीवाले, ट्रकची ताडपत्री शिवणारे आणि पाटे बदलणारे कारागीर बसतात. ट्रक आता तिथून जात नाहीत, तरी गिऱ्हाईक वाट वाकडी करून येते, असे एका ताडपत्रीवाल्याने सांगितले. तो बोलत असताना त्याचे हात थांबले नाहीत: मेण लावलेला जाड दोरा, दाभणाएवढी सुई आणि तळहाताला बांधलेला चामड्याचा तुकडा, ज्यावर सुईचे बूड टेकवून तो ती कापडातून ढकलत होता. आमच्याशी मराठीत, शेजाऱ्याशी कन्नडमध्ये आणि ट्रकवाल्याशी हिंदीत असे त्याचे एकाच वेळी चालले होते. कुंदा घेतला. तो न घेता बेळगावहून आलेल्या माणसाला ठाण्यात कोणी दारात उभे करत नाही.

पुढे वंटमुरीचा घाट, संकेश्वर, निपाणी. निपाणीजवळ तंबाखूचा उग्र वास गाडीच्या काचा बंद असतानाही आत येतो, आणि निपाणी मागे पडली की थोड्याच वेळात राज्य बदलते. सीमा इथे कशी विणलेली आहे हे निपाणीकरांना विचारावे. गाव कर्नाटकात आणि गावाचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रातल्या अर्जुननगरात, अशी तिथल्या मुलांची रोजची ये-जा.

कागल मागे टाकून संध्याकाळी कोल्हापूरच्या ‘तावडे हॉटेल’ चौकात पोहोचलो. सासरे सांगत की रात्रपाळीच्या चालकाला गावांपेक्षा खाणावळी जास्त पाठ असतात, आणि तावडे हॉटेल हा त्याचा पुरावाच मानावा, कारण कोल्हापुरात शिरणाऱ्या प्रत्येकाला रस्ता तिथूनच सांगितला जातो. तिथून कावळा नाक्याला, ताराराणींच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी येणारा रस्ता हाच जुना महामार्ग होता, हे आता लक्षातही येत नाही.

शुक्रवार : कोल्हापूर ते सातारा

शिरोलीचा पंचगंगेवरचा पूल ओलांडताना ह्यांनी गाडी हळू केली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इथेच महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस पुणे-बंगळूर वाहतूक बंद राहिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. भरावावर उचललेला रुंद रस्ता पाण्याला अडवतो, अशी तक्रार त्या वेळी आसपासच्या गावांनी मोठ्या आवाजात केली होती, आणि नदीकाठची शेते पाहिल्यावर ती तक्रार समजते.

गाळपाचा हंगाम असल्यामुळे कराडपर्यंतचा सगळा दिवस उसाच्या संगतीत गेला. एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांवर ट्रॉलीच्या दुप्पट उंचीपर्यंत रचलेल्या मोळ्या, दोन्ही बाजूंना लोंबणारे वाढे, आणि चालकाच्या डोक्यावर बांधलेल्या कर्ण्यांतून चाललेली गाणी, असा हा थाट असतो. मागून येणाऱ्याला दिवसा तो मजेदार वाटतो. रात्री त्याच ट्रॉलीच्या मागे ना दिवा असतो ना चमकपट्टी, आणि रस्त्याच्या कडेला बिघडून उभ्या राहिलेल्या अशा ट्रॉलीवर आदळून दर हंगामात माणसे जातात. रात्री न चालवण्याचा आमचा नेम ह्या पट्ट्यात तरी शहाणपणाचा होता.

कागल ते सातारा सहापदरीकरणाचे काम चालू असल्यामुळे जुना रस्ता, नवा रस्ता आणि सेवा रस्ता यांतला भेदच पुष्कळ ठिकाणी पुसला गेला आहे. वळण रस्त्याच्या पाट्या आहेत, पण त्या वळण आल्यावर दिसतात. पेठ नाक्याच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर थांबून काकवीची बाटली घेतली आणि ताज्या, अजून कोमट असलेल्या गुळाचा खडा खाल्ला. गुऱ्हाळवाल्याचे म्हणणे असे की रस्ता रुंद झाला की त्याची चिमणी दिसेल, पण त्याच्याकडे वळायला जागा राहणार नाही, कारण मधला दुभाजक फुटणार नाही आणि समोरच्या बाजूचे गिऱ्हाईक कायमचे तुटेल. रुंद रस्त्याचा हा हिशेब वर्तमानपत्रात कधी येत नाही.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून एक होतात. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी थोडे बसलो. उंब्रज, काशीळ, अतीत, नागठाणे ही नावे एस.टी.च्या वाहकाच्या आवाजातच ऐकायला हवीत. आम्ही ती एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवत साताऱ्याला पोहोचलो. तिथेही शहरात वळायचा चौक खाणावळीच्याच नावाचा निघाला, ‘बॉम्बे रेस्टॉरंट’.

शनिवार : सातारा ते पुणे

साताऱ्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर लिंब फाटा लागतो. आत लिंब गावाजवळच्या मळ्यात बारा मोटेची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. वरून पाहिली तर ती शिवलिंगाच्या आकाराची दिसते. पायऱ्या उतरून कमानीखालून गेले की मुख्य अष्टकोनी विहीर आणि तिच्या अंगाची लहान विहीर यांच्या मधोमध एक छोटा महालच उभा आहे, ज्याच्या खांबांवर हत्ती, घोडे आणि फुले कोरलेली आहेत. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशा दगडी जागा काठावर आहेत. भर दुपारी खाली इतका गारवा होता की मी शाल आणायला परत गाडीकडे गेले. महामार्गापासून इतक्या जवळ अशी वास्तू असताना आम्ही दोघांनीही ती आजवर पाहिली नव्हती, आणि फाट्यावरून रोज जाणाऱ्या हजारो गाड्यांतल्या बहुतेकांनी ती पाहिली नसेल.

पुढच्या जोशी विहिरीवर आता उड्डाणपूल आहे. खंबाटकीचा जुना घाट साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्यांसाठी बंद असतो. तो पुण्याहून येणाऱ्यांनी चढायचा आणि आपण बोगद्यातून जायचे, अशी एकदिशा वाहतूक आहे. त्यामुळे घाट नुसता डावीकडे पाहून घेतला. शिरवळला नीरा ओलांडली, कापूरहोळ मागे पडले, आणि खेड शिवापूरच्या टोल नाक्यावर सगळा महाराष्ट्र एकाच वेळी पुण्याला निघाल्याप्रमाणे गर्दी लागली.

शिंदेवाडीपाशी नवा रस्ता जुळ्या बोगद्यांतून बाह्यवळणाकडे जातो आणि उजवीकडे जुना कात्रज घाट सुरू होतो. लाल महालावरच्या १६६३ च्या छाप्यानंतर शिवाजी महाराजांच्या माणसांनी ह्याच घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांची दिशाभूल केल्याची कथा सांगितली जाते. घाट फार मोठा नाही, पण त्याची वळणे गाडीला विचार करायला लावतात, आणि माथ्यावरचा जुना बोगदा मला त्या नव्या रुंद बोगद्यांपेक्षा कितीतरी आवडतो. तो अरुंद आहे, छतातून पाणी ठिबकते, समोरून एस.टी. आली की आपण आपोआप श्वास रोखतो. बाहेर पडलो की मात्र खाली सगळे पुणे एकदम पसरलेले असते. नव्या बोगद्यातून आलेल्याला पुणे कधी सुरू झाले ते कळतच नाही. मुक्काम नणंदेकडे.

रविवार : पुणे ते ठाणे

पुण्याहून निघणारा जुना मुंबई रस्ता दापोडीच्या हॅरिस पुलावरून मुळा ओलांडतो आणि पिंपरी-चिंचवडमध्ये शिरतो. देशातली पेनिसिलीनची सरकारी कंपनी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, पुढे एकामागून एक कारखाने आले, आणि ते ह्याच रस्त्याच्या काठाने आले, कारण त्या काळी मुंबई बंदराचा रस्ता हाच होता. निगडीनंतर देहू रोडची छावणी, सोमाटणे फाटा, तळेगाव आणि वडगाव. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंदे आणि मराठी फौजांनी कंपनीच्या सैन्याला कोंडीत पकडून तह करायला लावला. ते सैन्य पनवेलला उतरून बोरघाट चढून आले होते, म्हणजे आम्ही आज जो रस्ता उतरणार होतो तोच.

कामशेत, कार्ला, वलवण. कार्ला फाट्यावर एकवीरेला जाणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या होत्या. त्यांत ठाणे आणि नवी मुंबईचे क्रमांक सर्वांत जास्त. लोणावळ्यात गाडीतून उतरलोच नाही. रविवारी तिथे उतरणे म्हणजे रांगेत उभे राहणे, आणि चिक्कीविषयी नवे लिहिण्यासारखे काही राहिलेले नाही.

बोरघाटावर मात्र थांबायला हवे. ह्या घाटातला पहिला गाडीरस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी पालखी, घोडा किंवा लमाणांचे तांडे यांवरच सगळी भिस्त होती. रेल्वे १८६३ मध्ये आली. त्याच १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला गेला. त्याच्या खांबांमुळे द्रुतगती मार्ग तिथे आवळला जात होता आणि अपघात होत होते, हे खरे आहे; तरीही मुंबई-पुण्याच्या प्रवासात ‘आला घाट’ असे म्हणायची जागा गेली, हेही तितकेच खरे.

खंडाळ्याच्या खाली काही अंतर जुना रस्ता द्रुतगती मार्गात मिसळतो. ९४.५ किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्याने घाटातल्या तासन्‌तासांच्या कोंडीतून दोन पिढ्यांना सोडवले, ते मी नाकारणार नाही. परंतु त्या मिसळलेल्या तुकड्यात आमच्या लहान गाडीच्या दोन्ही अंगांनी जे ट्रक आणि आराम बस सुटल्या, ते पाहिल्यावर खोपोलीकडचा फाटा आला तेव्हा आम्ही दोघेही एकदम ‘डावीकडे’ असे म्हणालो.

फाट्यानंतरचा उतार मी चालवला. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा आणि ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. समोरच्या टेम्पोवाल्याला तो कोणी सांगितलेला नसावा, कारण त्याच्या तापलेल्या लायनरचा जळका वास तीन वळणे आमच्या पुढे चालला होता. शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबवून ह्यांनी नाणे वाहिले. रेल्वेच्या इंग्रज अभियंत्यांना घाटातली वाट सापडत नव्हती, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, आणि ‘बक्षीस काय हवे?’ असे विचारल्यावर ‘आमच्या लोकांना स्वातंत्र्य द्या’ असे म्हणाला म्हणून त्याला गोळी घालण्यात आली, अशी कथा आहे. कागदाचा आधार असो वा नसो, एस.टी.चे चालक चालत्या गाडीच्या खिडकीतून इथे नाणे टाकत आले आहेत. घाटाच्या देवाला नारळ-फुले वाहतात हे ठाऊक आहे. ज्याने घाट शोधला त्याचेच देऊळ झाल्याचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

खोपोलीत उतरताना डोंगरावरून खाली येणारे टाटांच्या वीजगृहाचे जाड नळ दिसतात. वरच्या तलावांचे पाणी ह्या नळांतून खाली पडते आणि १९१५ पासून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होते. रमाकांतचा वडापाव उभ्याउभ्याच खाल्ला. तो उभ्यानेच खायचा असतो.

चौकजवळ इर्शाळगडाचे टोक आणि प्रबळगडाचा लांबरुंद माथा उजवीकडे आला. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हापासून त्या बाजूला नुसते सृष्टिसौंदर्य म्हणून पाहवत नाही. पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता येऊन मिळाला आणि पनवेल आले.

इथून पुढचा मार्ग निवडताना आमच्यात थोडी चर्चा झाली, कारण पनवेलहून ठाण्याला हल्ली कोणीही शहाणा माणूस मुंब्र्याच्या आतून जात नाही. पण जुना मुंबई-पुणे महामार्ग म्हणजे तोच. १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल झाला, त्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेली मोटार ठाण्यात येई, कळव्याचा पूल ओलांडी आणि मुंब्रा, शीळ करीत पनवेल गाठी. नवी मुंबई तेव्हा नकाशावरच आकार घेत होती. पुलाने ती वाहतूक शीव-पनवेल रस्त्यावर नेली आणि ठाण्याचा पुण्याशी असलेला हा पहिला हक्क संपला.

कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याचे कारखाने आणि मग शीळफाटा. ह्या पट्ट्यात जुन्या रस्त्याच्या मोहकतेविषयी बोलणे धाडसाचे ठरेल. न्हावाशेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे, नाशिककडे आणि गुजरातकडे जाणारे कंटेनर आजही ह्याच रस्त्याने जातात. ठाण्यात शिरायला त्यांना वेळेची बंधने असल्यामुळे ते कडेला लांबच लांब उभे असतात, आणि चालक त्यांच्या सावलीत स्टोव्ह पेटवून जेवण करत असतात. घाटावरचा जुना रस्ता निवृत्त झाला, हा मात्र अजून दुहेरी पाळीत कामावर आहे. मला हा तुकडा आवडला, असे मी म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिले, पण घड्याळाकडे बोट दाखवून गप्प राहिले. शीळफाट्याच्या चौकातून बाहेर पडायला आम्हाला अख्ख्या कात्रज घाटापेक्षा जास्त वेळ लागला होता.

बाह्यवळण टाळून आम्ही कौसा-मुंब्रा बाजारातून आलो. एका बाजूला मुंब्रादेवीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला रेल्वे आणि खाडी, आणि त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत हा महामार्ग, फळांच्या गाड्या, रिक्षा आणि बिर्याणीचे हंडे. १९१६ सालच्या पारसिकच्या बोगद्यातून आता लांब पल्ल्याच्या गाड्या निघून जातात. लोकल आणि जुना रस्ता मात्र डोंगराला वळसा घालून रेतीबंदराच्या कडेने जातात. तिथे कडेला रंगाचे पोपडे निघालेला एक मैलाचा दगड उभा आहे. त्याचा पिवळा माथा धुरकटलेला होता, पण ‘ठाणे’ ही अक्षरे वाचता येत होती, आकडा मात्र गिलाव्याखाली गेला होता.

कळव्याच्या नव्या पुलावरून जाताना शेजारचा ब्रिटिशकालीन पूल, वाहनांना बंद केलेला, खालच्या पातळीवर दिसतो. पलीकडे ठाण्याचा किल्ला आहे, जो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला आणि आता मध्यवर्ती कारागृह आहे. पुलाचा पहारा करणाऱ्या किल्ल्यापाशीच महामार्गाने गाव गाठावे, यात नवल नाही.

महामार्ग क्रमांक ४ चा पहिला किलोमीटर नेमका कुठे धरायचा, यावर कोर्ट नाक्याच्या सिग्नलपर्यंत आमचा वाद चालला. ह्यांच्या मते कळव्याच्या पुलाचे ठाणे टोक. माझ्या मते आग्रा रोड जिथे मिळतो तिथपासून मोजायला हवे, कारण पूर्वीचा प्रवासी मुंबईहून त्याच रस्त्याने येई. सिग्नल हिरवा झाला तेव्हा ह्यांनी तिसरेच सांगितले: वडिलांच्या लॉगशीटवर तो खोपट आगाराच्या फाटकापासून सुरू होत असे, आणि त्यांचा आकडा कधी खाडाखोडीचा नसे.